तीन ताया, अकरा मुलं: शाळेतल्या मदतनिसांचं फेरवाटप करताना

एप्रिलच्या 17 तारखेला मुख्याध्यापिका बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. शाळेतून बोलावणं आलं की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. माझ्या मुलाला ऑटिझम आहे. तो तेव्हा दुसरीत होता आणि त्या वर्षातले बहुतेक महिने शाळेची एक मदतनीस ताई पूर्ण वेळ त्याच्या शेजारी बसत होती. मला वाटलं, आता ती जाणार.

बाईंनी पाणी दिलं आणि सरळ विषयाला हात घातला. पुढच्या वर्षीही संस्थेकडे तीनच तायांच्या मानधनाचे पैसे आहेत. जूनमध्ये पहिलीला आणखी दोन मुलं येतायत, म्हणजे पहिली ते पाचवी मिळून मदत लागणारी अकरा मुलं होतील. "कुणाला किती ताई, हे एकदा नीट बसून ठरवायला हवं. शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक हवेत. तुम्ही याल का?"

मी म्हटलं, "बाई, माझ्याच मुलाला ताई आहे. मी कशी बसणार?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच या. ताई मिळणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या मुलाचा विषय निघाला की बाहेर जा." तो नियम आम्ही पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेतला. तुमच्या शाळेत असं काही होणार असेल तर ही ओळ आधी लिहून घ्या. पुढे तिचा फार उपयोग होतो.

आमची शाळा मध्य उपनगरातली, अनुदानित, मराठी माध्यमाची, दुपारच्या सत्राची. शिक्षकांचे पगार सरकारकडून येतात, पण वर्गात मुलाजवळ बसणाऱ्या ताईसाठी अनुदानात जागा नाही. तिचं मानधन संस्था देणगीतून देते: महिना 9,000 रुपये, आणि मे महिन्यात काहीच नाही. खासगी शॅडो टीचर ठेवायची तर मला दोन ठिकाणी महिन्याला 18,000 आणि 22,000 सांगितले होते. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून त्याच्या दुसरीच्या सुरुवातीला दोन महिने मी बिनपगारी रजा घेऊन वर्गाबाहेरच्या बाकावर साडेबारा ते साडेपाच बसले. ते बघून शाळेने त्याला ताई दिली. तेव्हा मला फक्त कृतज्ञता वाटली. ज्या आया रजा काढून बाकावर बसू शकत नव्हत्या त्यांच्या मुलांचं काय, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. तो या कामात आला.

शाळा 16 जूनला उघडली. समितीत आम्ही पाच जण: मुख्याध्यापिका, एक वर्गशिक्षिका, दर मंगळवारी येणाऱ्या, 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेच्या फिरत्या विशेष शिक्षिका, आणि आम्ही दोन पालक. दुसरे पालक एका चौथीतल्या मुलाचे बाबा. त्यांच्या मुलाला मदतीची गरज नाही, आणि असा एक माणूस समितीत असणं फार बरं पडलं.

पहिलं काम कागदांचं. अकरा मुलांची यादी केली तेव्हा दिव्यांगत्वाचा दाखला सहा जणांकडे निघाला, आणि यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत 'विशेष गरजा असलेलं मूल' अशी नोंद फक्त चौघांची. दोघांकडे दाखला होता तरी नोंद 'नाही' अशीच पुढे चालत आली होती. विशेष शिक्षिका म्हणाल्या, "वर किती मुलं आहेत ते या नोंदीवरून कळतं. इथे 'नाही' असेल तर ते मूल सरकारच्या हिशोबात नाहीच." त्या दोन नोंदी बाईंनी त्याच आठवड्यात दुरुस्त करायला घेतल्या. तुमच्या मुलाची नोंद काय आहे ते वर्गशिक्षिकांना विचारा. दोन मिनिटांचं काम आहे. मी स्वतः दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

1 जुलैच्या मंगळवारी विशेष शिक्षिकांनी आम्हाला कायदा समजावला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा. त्यातल्या कलम 16 प्रमाणे शाळेने मुलाच्या गरजेनुसार सोयी करायच्या आणि लागेल तिथे त्याच्यापुरतं वेगळं सहाय्यही द्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालात विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचा प्रश्न हाती घेतला. नंतर केंद्राने प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. ही पदं जाहीर करून भरा, असं न्यायालयाने 7 मार्च 2025 ला राज्यांना पुन्हा बजावलं. पण हे सगळं विशेष शिक्षकांबद्दल. वर्गातल्या ताईबद्दल असा आकडा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून आमचा आम्हालाच मार्ग काढायचा होता.

वॉर्डातल्या शिक्षण कार्यालयात मी दोनदा गेले. पहिल्यांदा साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचून सांगितलं, "मदतनीस म्हणजे मुलाला घरून शाळेत सोडणाऱ्याचा भत्ता. वर्गात बसणारं माणूस आमच्याकडे नाही." त्यांनी तो भत्त्याचा फॉर्म मात्र दिला आणि आमच्या दोन मुलांना तो लागू होता. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मला पहिल्या खेपेला हे सुचलं नव्हतं, आणि तो अर्ज कुठे गेला ते आजही कळलेलं नाही.

8 जुलैला मी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. आमच्या भागातल्या फिरत्या विशेष शिक्षकांकडे किती शाळा आणि किती मुलं आहेत, एवढंच विचारलं. एकोणतिसाव्या दिवशी दोन पानी उत्तर मिळालं. आमच्या मंगळवारच्या बाईंच्या नावापुढची शाळांची यादी वाचली आणि 'आठवड्यातून एकदाच येतात' म्हणून त्यांच्यावर मनातल्या मनात चिडणं मी सोडून दिलं.

आता मुख्य काम. दाखल्यावरच्या टक्क्यांनी ताई वाटता येत नाही, हे आम्हाला पहिल्या तासातच कळलं. 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर 'लक्षणीय दिव्यांगत्व' धरतात आणि बऱ्याच सवलती तिथून सुरू होतात. पण साठ टक्केवालं मूल गणिताच्या तासाला एकटं शांत बसतं आणि चाळीसवालं मधल्या सुट्टीत जिन्यावरून धावत सुटतं. म्हणून विशेष शिक्षिकांनी निरीक्षणाचा तक्ता आखला. शाळेचे पाच तास म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे वीस चौकोन. प्रत्येक चौकोनात एक अक्षर: स्वतः केलं तर 'स्व', सांगून केलं तर 'सां', हाताला धरून केलं तर 'हा'. प्रत्येक मुलाला दोन दिवस बघायचं, आणि आपल्या मुलाला आपण बघायचं नाही. 7 ते 18 जुलै हे चाललं. त्यासाठी माझ्या सहा अर्ध्या रजा गेल्या.

तिसऱ्या दिवशी माझ्या वाट्याला चौथीतली एक मुलगी आली. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर घेऊन चालते, वर्गात पहिल्या तिघांत असते. ताई तिला कधीच नव्हती, कारण तिचा कुणाला त्रासच नव्हता. माझ्या तक्त्यात एकामागून एक 'स्व', 'स्व', 'स्व' पडत गेलं. तीन वाजता मधल्या सुट्टीची घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. तिने डब्यातून एक कोरडी पोळी काढली, अर्धी खाल्ली, डबा बंद केला, आणि पट्टी घेऊन पुढच्या चार पानांवर समास आखत बसली. बाकावर तिची निळी पारदर्शक बाटली होती. साडेबाराला पाणी गळ्यापर्यंत होतं, तीन वाजताही तिथेच होतं. मी विचारलं, "पाणी नाही प्यायचं?" ती म्हणाली, "घरी गेल्यावर पिते." मग समास आखता आखताच म्हणाली, "बाथरूम खाली आहे ना."

वर्ग पहिल्या मजल्यावर, मुलींचं स्वच्छतागृह तळमजल्यावर. जुलैच्या उकाड्यात ही पोर पाच तास पाण्याचा घोट घेत नव्हती, का तर कुणाला मागायला नको. आणि माझ्या तक्त्याप्रमाणे तिला मदतीची गरज शून्य.

त्या रात्री मी विशेष शिक्षिकांना फोन केला. त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "तक्त्यात एक रकाना राहिला आपला." दुसऱ्या दिवसापासून चौथं अक्षर आलं: 'न', म्हणजे मदत हवी होती, मागितली नाही, मिळाली नाही. आधी बघितलेली मुलं आम्ही पुन्हा बघितली. 'न' सगळ्यात जास्त शांत मुलांच्या तक्त्यात निघाला. दुसरीतला एक मुलगा ऐकू न आल्यामुळे शेजाऱ्याची वही बघून लिहीत होता आणि शाबासकीही मिळवत होता. कुणी असा तक्ता करणार असाल तर हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

त्या मुलीसाठी ताईच्या आधी दुसरंच काम झालं. बाईंनी दोन दिवसांत चौथीचा तो वर्ग तळमजल्यावर आणला आणि पाचवीचा वर पाठवला. खर्च काही नाही. गेली तीन वर्षं हे करता आलं असतं, असं त्या स्वतःच बैठकीत म्हणाल्या.

माझ्या मुलाचा तक्ता दुसऱ्या पालकांनी भरला होता. तो मी 18 जुलैला शाळेच्या जिन्यात बसून वाचला. "12:45 वही ताईंनी काढली. 1:15 पेन्सिल ताईंनी हातात दिली. बाई काही विचारतात तेव्हा तो ताईंकडे बघतो. 3:00 बाटलीचं झाकण ताईंनी उघडलं. त्याने हात पुढे केला होता." शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला विचारून झाकण उघडलं असतं तर वेगळं. त्याने हात पुढे केला होता आणि ताईचा हात आधी पोचला. घरी माझाही आधी पोचतो. वीसपैकी ज्या चौकोनांत त्याला खरंच कुणीतरी लागत होतं ते सात निघाले.

22 जुलैला आम्ही तिन्ही तायांना बोलावलं. खरं तर त्यांना सगळ्यात आधी बोलवायला हवं होतं. माझ्या मुलाची ताई म्हणाली, "आम्हाला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. त्याला बाटली उघडता येते, दिवाळीपासून येते." मग तुम्ही का उघडता, असं मी विचारल्यावर ती खाली बघत म्हणाली, "तो सगळं शिकला तर पुढच्या वर्षी मला ठेवतील का?"

माझ्यासाठी सगळ्या कामाचा गाभा त्या प्रश्नात होता. आपण ताई मुलाला बांधून ठेवतो. मूल पुढे गेलं की ताईची नोकरी जाते. नऊ हजारांवर घर चालवणाऱ्या बाईला आपण असं कोड्यात टाकतो आणि वर तिच्याकडून मुलाला स्वावलंबी करायची अपेक्षा धरतो. त्या दिवशी आमचा पहिला ठराव झाला: ताईचं मानधन कुठल्याही एका मुलाशी जोडलेलं नसेल, आणि ताई यापुढे मुलाला नाही, वेळेला नेमली जाईल. संस्थेने तो मान्य केला. मे महिन्याच्या मानधनाची मागणीही आम्ही केली, तिचं उत्तर अजून यायचं आहे.

याच दिवसांत दाखल्यांचं काम चालू होतं. पाच मुलांच्या घरी दाखला नव्हता. त्यातल्या दोघांच्या घरी 'एकदा शिक्का बसला की आयुष्यभर बसतो' ही भीती होती. ती मी तोंडावर खोडून काढली नाही, कारण मला स्वतःला तिच्यातून बाहेर यायला वर्ष लागलं होतं. दुसरीतल्या एका मुलाच्या आईबरोबर मात्र मी जाऊ लागले. 10 जुलैला सकाळी सव्वासहाची गाडी पकडून सरकारी रुग्णालयात गेलो, केसपेपर काढला, डॉक्टरांनी बघून चाचणीला 7 ऑगस्टची तारीख दिली. त्या दिवशी बौद्धिक चाचणी झाली आणि ऑटिझमसाठीची 'इसा' ही 40 मुद्द्यांची मोजपट्टी भरली गेली. दाखला ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाची तारीख 28 ऑगस्ट होती, ती गणपतीमुळे 4 सप्टेंबरवर गेली. दाखला 19 सप्टेंबरला 'स्वावलंबन' या दिव्यांग दाखल्यांच्या सरकारी पोर्टलवर दिसला, कार्ड अजून पोस्टाने यायचं आहे. त्या आईचे चार खाडे झाले, प्रत्येकी पाचशेचा रोज. पोर्टलवर नोंदणी आधीच करून जा, आधार, पत्त्याचा पुरावा आणि फोटो दोन-दोन प्रतींत ठेवा. आणि वर्गशिक्षिकांकडून एक पानाचं पत्र न्या, वर्गात मूल काय करतं आणि कुठे अडतं त्याचं. दहा मिनिटांच्या तपासणीत जे दिसत नाही ते डॉक्टरांनी त्या पत्रातून विचारून घेतलं. आणि डबा न्याच, दुपार होतेच.

निर्णयाची बैठक 19 ऑगस्टला ठरली होती. त्या दिवशी मुंबईत पावसामुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली. मग ती 26 ऑगस्टला, गणपतीच्या आदल्या दिवशी, झाली. फळ्यावर हिशोब मांडला. तीन ताया म्हणजे रोजचे साठ चौकोन. अकरा मुलांची मागणी एकाहत्तर. सगळ्यात मोठी अडचण मधल्या सुट्टीची, कारण तेव्हा नऊ मुलांना एकाच वेळी माणूस लागत होतं. वर्गशिक्षिकांनी सुचवलं, पहिली-दुसरीची सुट्टी अर्धा तास आधी करू. त्याने सहा चौकोन सुटले. एकाच वर्गातल्या दोन मुलांना शेजारी बसवून दोघांना एकच ताई दिली, त्याने आणखी पाच. साठात सगळं बसलं, पण काठोकाठ. एकही चौकोन शिल्लक ठेवला नाही ही आमची चूक झाली. ती नंतर भोवली.

माझ्या मुलाचा विषय आला तेव्हा मी बाहेर गेले. व्हरांड्यात पंधरा-वीस मिनिटं उभी होते. मैदानात पाणी साचलं होतं. आत बोलावल्यावर बाईंनी आकडा सांगितला: विसाचे आठ. मी मान हलवली, सही केली, आणि ठाण्याच्या गाडीत बसल्यावर रडले. निर्णय चुकीचा आहे असं मला एकदाही वाटलं नाही. तक्ता मी स्वतः वाचला होता. तरीही रडू आलं, हे इथे सांगते, कारण तुमच्या मुलाचे तास कमी झाले आणि तुम्हालाही असंच झालं तर त्यात काही चुकीचं नाही.

सुट्टी संपल्यावर 3 सप्टेंबरला प्रत्येक घरी पत्र गेलं. किती चौकोन, कुठले, का, आणि हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "कमिटीत बसून लोक स्वतःचं बघून घेतात." मी उत्तर टाइप केलं आणि पुसलं. दुसऱ्या पालकांनी तिथे इतिवृत्ताचं ते एक पान टाकलं, मी बाहेर गेल्याची वेळ त्यात लिहिलेली होती. विषय तिथेच थांबला.

हरकती दोन आल्या. एकीवर बोलून समजूत निघाली. दुसरी बरोबर होती. पाचवीतल्या मुलाला फिट येतात आणि त्याचे दुपारचे चौकोन आम्ही काढले होते. निरीक्षणाच्या दोन दिवसांत त्याला काहीच झालं नव्हतं. आईने डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरच्या वहीतल्या तारखा आणल्या, बहुतेक फिट चारनंतरच्या. चार चौकोन परत द्यायचे तर कुणाचे तरी काढायचे. मी पुन्हा बाहेर गेले. माझ्या मुलाच्या आठाचे सहा झाले. तुमच्या मुलाचं असं काही असेल जे रोज दिसत नाही, तर तारखांची वही ठेवा. त्या आईची वही नसती तर आम्ही तिची हरकत ऐकून सोडून दिली असती, हे मला मान्य करायलाच हवं.

22 सप्टेंबरपासून नवं वेळापत्रक सुरू झालं. पहिले आठ दिवस कठीण गेले. मंगळवारी तो बाकाखाली जाऊन बसला. बुधवारी शर्टाची बाही चावून फाडली. गुरुवारी वर्गशिक्षिकांचा फोन आला, मी निघाले, आणि मी पोचायच्या आत तो बाकावर परत बसलाही होता. ताई त्या वेळी समोरच्या वर्गात होती. ती दारातून बघत होती, पण ठरल्याप्रमाणे आत आली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "पाय उचलत होते हो, पण थांबले." 7 ऑक्टोबरला बाटली त्याने स्वतः उघडली. पाणी परिसर अभ्यासाच्या वहीवर सांडलं आणि शेजारच्या मुलाने ते स्वतःच्या रुमालाने पुसलं. ही वही मी बदललेली नाही.

आता ताई रोज दोन वाजता आणि पावणेपाचला चौथीच्या वर्गात, वॉकर घेऊन चालणाऱ्या त्या मुलीकडे जाते, एक-एक चौकोन. त्या मुलीच्या आईने मला गेटवर थांबवून एवढंच सांगितलं की ती हल्ली डब्यात भाजी मागते.

पुढचा आढावा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. या वेळी चार चौकोन मोकळे ठेवायचे, तायांना पहिल्या दिवसापासून बैठकीत बसवायचं आणि निरीक्षण दोन नव्हे, चार दिवस करायचं ठरलंय. यू-डायसमधल्या नोंदी अकरापैकी नऊ झाल्या आहेत. उरलेल्या दोन घरांपैकी एका आईने परवा विचारलं, केसपेपरची खिडकी किती वाजता उघडते. येत्या गुरुवारी आम्ही सव्वासहाची गाडी पकडतोय.